जास्तीची बरगडी काढली, पुढच्या दहा वर्षांत हाताचं काय?

पत्र:

मॅडम, मी ३७ वर्षांची आहे. बार्शीत लेडीज टेलरिंग करते, घरातच दुकान आहे. पाच वर्षं झाली, उजवा हात दुखतोय. आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, कपडे वाळत घालताना हात वर धरवायचा नाही. डॉक्टरांनी मानेचा स्पॉन्डिलायटिस सांगून पट्टा दिला, तो दोन वर्षं घातला. मग दुसऱ्यांनी मनगटाची नस दबलीय म्हणून सांगितलं. आता वर्षभरात अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडलाय आणि दोरा ओवताना सुई हातातून निसटते. पुण्याला दाखवलं, तर एक्स-रेत मानेला दोन्ही बाजूंनी जास्तीची बरगडी निघाली. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम आहे म्हणाले, उजवीकडचं ऑपरेशन सांगितलंय. नणंदेच्या ओळखीतल्या एका बाईंनी हेच ऑपरेशन केलं. सहा महिने बरं होतं, आता पुन्हा दुखतंय. भाच्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या एका बेसबॉलपटूचं वाचून दाखवलं, त्याचं तर खेळणंच बंद झालं. घरचे म्हणतात, नसेच्या वाटेला जाऊ नको, मालिश कर. मला एवढंच सांगा, ऑपरेशन केलं तर पाच-दहा वर्षांनी माझा हात कसा असेल? पूर्वीसारखा होईल का? आणि परतच दुखणार असेल तर कशाला करायचं? डाव्या बाजूलाही बरगडी आहे, तिचंही करावं लागेल का? लग्नसराई संपवून जूनमध्ये केलं तर चालेल का?

– एक वाचक, बार्शी

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. सुई निसटते, असं तुम्ही लिहिलंय. दुखणं, मुंग्या, बधिरपणा हे सगळं त्रासाचंच, पण सुई निसटणं आणि अंगठ्याखाली खळगा पडणं ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: जूनपर्यंत थांबू नका. दिवाळीच्या ज्या ऑर्डरी हातात घेतल्यात तेवढ्या कुणाच्या तरी मदतीनं उरका, आणि तुळशीच्या लग्नानंतरचं काम या वर्षी घेऊ नका. लग्नसराई म्हणजे तुमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा, हे मला कळतं. तरीही सांगतेय.

मी ऑपरेशन करत नाही, मी फिजिओथेरपिस्ट आहे. सर्जन टाके काढतात, एक-दोनदा तपासतात आणि त्यांचं काम तिथं बरंचसं संपतं. त्यानंतरची दोन-तीन वर्षं ही माणसं माझ्याकडे येत राहतात, काही जण त्याहून पुढेही. पाच-दहा वर्षांनी काय, हा तुमचा प्रश्न म्हणूनच मला जवळचा आहे.

आधी तुमच्या गळ्याच्या हाडामागे काय चाललंय ते सांगते. मानेतून हाताकडे येणाऱ्या नसांचा जुडगा मानेच्या दोन स्नायूंमधल्या फटीतून खाली उतरतो आणि पहिल्या बरगडीवरून हातात जातो. हाताला रक्त पुरवणारी मोठी रोहिणीही त्याच फटीतून जाते. शंभरात एकापेक्षाही कमी माणसांना मानेच्या शेवटच्या मणक्याला एक आखूड, जास्तीची बरगडी असते. तिच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत बऱ्याचदा एक चिवट, दोरीसारखा पट्टा ताणलेला असतो. एक्स-रेत बरगडी दिसते, पट्टा दिसत नाही. सगळ्यात खालची नस या पट्ट्यावरून वळून जाते. टेबलाच्या धारेवरून दोरा रोज ओढला तर तो एकदम तुटत नाही, आधी विसविशीत होतो, मग एकेक पीळ सुटतो. तुमच्या नसेचं पाच वर्षं तेच चाललंय.

आता तुम्हाला मनगटाची नस का सांगितली आणि ते का चुकलं. मनगटात नस दबली तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं. तुमची बधिर झाली करंगळी, आणि स्नायू मात्र झिजला अंगठ्याखालचा. हे कोडं वाटतं, पण उलगडा सरळ आहे. अंगठ्याखालच्या स्नायूला चालवणारे धागे त्या सगळ्यात खालच्या नसेतून येतात, अंगठ्याच्या कातडीची संवेदना मात्र वरच्या नसेतून येते. खालची नस दबली की करंगळी आणि कोपराखालची आतली बाजू बधिर होते, अंगठ्याचा गड्डा बसतो, आणि अंगठ्याच्या टोकाला स्पर्श मात्र नीट कळतो. लंडनमधले मेंदूविकारतज्ज्ञ गिलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली हे चित्र नीट मांडलं. ‘गिलियट-सम्नर हँड’ असं त्याला नाव आहे. तुमच्या नर्व्ह कंडक्शनच्या, म्हणजे नसांतून संदेश कसा जातो ते मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये अंगठ्याच्या स्नायूकडे जाणारा संदेश दुबळा, करंगळीची संवेदना मंद आणि तर्जनीची शाबूत, असं चित्र असेल तर निदानाला भक्कम आधार आहे. ही तपासणी झाली नसेल तर ऑपरेशनआधी करून घ्या. याला हलक्यात घेऊ नका, कारण दहा वर्षांनंतरचा निकाल ऑपरेशनच्या टेबलापेक्षा जास्त निदानाच्या या कागदावर ठरतो.

नणंदेच्या ओळखीतल्या बाईंचं दुखणं परत का आलं, हेही इथूनच समजेल. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणजे वर सांगितलेल्या वाटेत काहीतरी दबणं, ते एकाच आजाराचं नाव नाही. शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांत नस दबते, तीन ते पाच जणांत शीर, म्हणजे हातातून रक्त परत नेणारी वाहिनी, आणि एखाद्यात रोहिणी. शिरेच्या प्रकारात एखाद्या दिवशी सगळा हात सुजून निळा पडतो. वेळेत उपचार झाले तर या प्रकाराचे लांबचे निकाल सगळ्यात चांगले. रोहिणीच्या प्रकारात बोटं पांढरी, गार पडतात, टोकं काळी-निळी होतात. हा प्रकार बहुतेकदा मानेच्या बरगडीबरोबरच येतो, म्हणून तुमच्या हाताचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, झालेला हवा. बोटांची टोकं कधी अशी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

नस दबण्याच्या प्रकारातही दोन जाती आहेत. एक तुमची, जिथं बरगडी आहे, झीज डोळ्यांना दिसते आणि तपासणीतही सापडते. ही दुर्मीळ. दुसरीत दुखणं आहे, मुंग्या आहेत, हात वर केला की जड होतो, पण एक्स-रे साफ, नसांची तपासणी साफ. बहुतेक रुग्ण या दुसऱ्या जातीचे. त्यांचं दुखणं खोटं नसतं, अजिबात नसतं. पण ते नक्की कुठून येतंय हे ठरवणं अवघड असतं, आणि जिथं निदान डळमळीत तिथं निकालही डळमळीत. त्या बाई या दुसऱ्या जातीतल्या असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

जगभरातले जे आकडे तुमचा भाचा शोधून काढेल ते बहुतेक या दुसऱ्या जातीचे आहेत. चांगल्या केंद्रांमध्ये सुरुवातीला ८० ते ९० टक्के रुग्ण बरं वाटतंय म्हणतात, आणि पाच-दहा वर्षांनी तो आकडा ७० च्या आसपास येतो. दुखणं परतणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पहिल्या दीड वर्षातच परततं. म्हणून सहाव्या महिन्यातल्या आरामावर कुणी निकाल सांगितला तर मी तो लिहून घेत नाही, ऑपरेशनचा दुसरा वाढदिवस होऊ द्या म्हणते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कामावर दुखापत होऊन नुकसानभरपाईखाली हे ऑपरेशन झालेल्या १५८ कामगारांचा अभ्यास २००० साली आला. त्यांतले ६० टक्के वर्षभरानंतरही कामावर परतू शकले नव्हते. ज्यांचं काम ऑपरेशनआधीच जास्त काळ बंद होतं, ज्यांचं निदान उशिरा झालं आणि ज्यांचं वय जास्त होतं, त्यांचे हाल जास्त. उलट बाजूचाही एक चांगला अभ्यास आहे. नेदरलँड्समध्ये ५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला व्यायाम आणि औषधं. हे सगळे आधी व्यायाम करूनही बरे न झालेले रुग्ण होते. तीन महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचे हात स्पष्टपणे जास्त चालत होते. २०२२ साली हा निकाल छापून आला. मात्र तीन महिने संपल्यावर दुसऱ्या गटालाही ऑपरेशन दिलं गेलं. तसं करणं माणुसकीचंच होतं, पण त्यामुळे दहा वर्षांची तुलना तिथं होऊ शकली नाही.

भाच्यानं वाचून दाखवलेला खेळाडू बहुधा स्टीफन स्ट्रासबर्ग असावा. २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू, २०२१ मध्ये हे ऑपरेशन झालं, त्यानंतर मोठ्या लीगमध्ये एकच सामना खेळला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. त्याला मेरिल केलीचंही वाचायला सांगा. तोही चेंडू टाकणाराच. त्याचं ऑपरेशन २०२० मध्ये झालं आणि २०२३ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्यानं सामना जिंकून दिला. ताशी दीडशे किलोमीटरनं चेंडू फेकणाऱ्या खांद्यावरून ब्लाउजला हुक लावणाऱ्या हाताचा अंदाज बांधायचा नाही, दोघांपैकी कुणाच्याही.

तर आता तुमचा हात. दुखणं, रात्रीची ठणक, हाताच्या आतल्या बाजूचा बधिरपणा हे तुमच्या जातीत ऑपरेशननंतर बऱ्यापैकी खात्रीनं कमी होतं आणि बहुतेकदा कमीच राहतं, कारण दाबणारी वस्तू दिसत होती आणि ती काढली. अंगठ्याखालचा खळगा मात्र भरून येत नाही. हे तुम्हाला कुणी स्पष्ट सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

कारण असं, की मेलेला धागा पुन्हा वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मानेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचं अंतर टेपनं मोजा, तुमच्या गळ्यात ती असतेच. साठ-सत्तर सेंटीमीटर भरेल. म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. आणि नसेशिवाय राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षानं जागा होण्याची ताकद गमावतो. नस पोचेपर्यंत तिला ओळखणारं तिथं कुणी उरत नाही. जे धागे अजून जिवंत आहेत, नुसते दबून सुस्त झालेत, ते मात्र सैल झाल्यावर चालू लागतात. म्हणून थोडी ताकद परत येते, आणि आज जेवढा स्नायू आहे तो वाचतो. तुमच्या ऑपरेशनचं यश मी यावरच मोजेन. पाच वर्षांनी हात आज आहे तेवढाच किंवा थोडा बरा, आणि दुखणं नाही. थांबलात तर खळगा रुंदावत जाईल, करंगळीकडची बाजूही बसेल, आणि मग बोटं पसरणं, मिटणं दोन्ही जाईल. जून का नको, ते आता लक्षात आलं असेल.

माझ्याकडे एक खानावळवाल्या काकू येतात, तुमच्यासारखाच हात. त्यांच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली. खळगा तसाच आहे, बोट ठेवलं तर बसतं. बरणीचं झाकण त्यांना आजही उघडत नाही, त्या रबरी हातमोजा घालून फिरवतात. मिठाची चिमूट तीन बोटांत धरतात, अंगठ्याच्या कडेनं. पण भाकरी दोन्ही हातांनी थापतात, रात्री झोपतात, आणि सहा वर्षांत तो खळगा भातुकलीच्या वाटीएवढा होता तेवढाच राहिलाय. गेल्या वेळी त्यांनी मला विचारलं, आता अजून किती दिवस यायचं? मी म्हटलं, वर्षातून एकदा, ताकद मोजायला.

दुखणं परतणं म्हणजे काय असतं, हेही बघा. एक रंगारी आहेत, दुसऱ्या जातीतले, झीज नाही, मानेची बरगडी नाही. बराच काळ व्यायाम करून उपयोग झाला नाही म्हणून काखेतून पहिली बरगडी काढली. चार महिन्यांत एवढं बरं वाटलं, की पाचव्या महिन्यात छताचं काम घेतलं. आठव्या महिन्यात हात पुन्हा जड. घरचे म्हणाले, ऑपरेशन फुकट गेलं. ते फुकट गेलं नव्हतं. कापलेल्या जागी व्रण होतो, तो नसेला चिकटू बघतो, आणि त्या काळात नस रोज हळूहळू सरकती ठेवावी लागते. तो व्यायाम त्यांनी तिसऱ्या महिन्यातच सोडला होता, वर दिवसाला आठ तास हात डोक्यावर. मी त्यांना रोलरची काठी घेऊन बोलावलं. क्लिनिकच्या भिंतीशी आम्ही चार लांबीच्या काठ्या लावून बघितल्या. सहा फुटी काठीला कोपर खांद्याच्या खाली राहत होतं. तेवढ्या एका गोष्टीवर आणि रोजच्या दहा मिनिटांवर दोन वर्षांच्या शेवटी हात शांत झाला. छताची कडा ते आजही स्वतः मारत नाहीत, मुलगा मारतो.

सगळ्यांचं असं निभावत नाही. कधी पहिल्या बरगडीचा मागचा तुकडा लांब राहतो आणि त्यावर नस पुन्हा अडते. कधी छातीच्या लहान स्नायूखाली दुसरा अडथळा असतो, तो कुणी बघितलेला नसतो. कधी मुळात दुखणं कोपरातल्या नसेचं किंवा मानेच्या चकतीचं असतं. यांतल्या काहींना दुसरं ऑपरेशन लागतं, आणि व्रणातून पुन्हा शिरणं पहिल्यापेक्षा जोखमीचं.

डाव्या हाताचं सोपं आहे. त्रास नाही तर ऑपरेशन नाही. बरगडी असणं हा आजार नाही, ती बरेचदा दोन्ही बाजूंना असते, आणि बहुतेक माणसांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. फक्त दर सहा महिन्यांनी डाव्या हाताची ताकद मोजून ठेवा. घरी मोजायची रीत सांगते: कपडे वाळत घालायचा चिमटा घ्या, अंगठा आणि तर्जनीनं अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उघडतो ते मोजा, दोन्ही हातांचं, आणि कॅलेंडरवर त्या तारखेला लिहा. आकडा उतरायला लागला तर डोळ्यांना खळगा दिसण्याआधी कळेल. उजव्याचाही आजच मोजा, ऑपरेशनआधीचा आकडा हाताशी हवा.

मालिशबद्दल. पाठीला, खांद्याला हलक्या हातानं तेल लावलं तर कुणाचं नुकसान नाही. पण गळ्याच्या हाडामागच्या खळगीत अंगठा रोवून चोळणं आणि मान कडकन मोडून घेणं या दोन गोष्टी तुम्ही कुणालाही करू देऊ नका. नस तिथंच ताणलेली आहे. व्यायामाबद्दल मी माझ्याच शास्त्राविरुद्ध सांगते: झीज नसती तर मी म्हटलं असतं, आधी तीन-चार महिने मनापासून व्यायाम करा, पुष्कळांचं त्यावर भागतं. १८६१ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात होम्स कूट यांनी मानेची बरगडी पहिल्यांदा काढली तेव्हापासून आजवर हाडाचा दाब व्यायामानं गेल्याचं मी ऐकलं नाही, आणि तुमच्याकडे तीन महिने घालवायला नाहीत.

घरच्यांची भीती मात्र खरी आहे, तिला हसू नका. मोठ्या रक्तवाहिन्या, फुप्फुसाचं टोक आणि नसा सगळं तिथं बोटभर जागेत आहे. फुप्फुसाचं आवरण फाटून हवा शिरू शकते, श्वासपटलाची नस काही महिने सुस्त पडू शकते, खांद्याचं पातं मागे उचललं जाऊ शकतं, गळ्याच्या हाडाखाली कातडीचा एक तुकडा बधिर राहतो. कायमची मोठी इजा क्वचित होते, सराव असलेल्या हातांत आणखी क्वचित. म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा: वर्षात अशी किती ऑपरेशनं करता? मानेकडून करणार की काखेतून? तुमच्या हातासाठी मला मानेकडची वाट पटते, कारण नस आणि तो पट्टा डोळ्यांसमोर येतो, पण ज्या वाटेचा त्यांना सराव आहे तिचा मान ठेवा. पट्टा, मानेची बरगडी, स्नायू, पहिली बरगडी, यांतलं काय काढणार आणि काय ठेवणार, का? असे प्रश्न विचारल्याचा चांगल्या सर्जनना राग येत नाही. व्हॅस्क्युलर सर्जन, न्यूरोसर्जन, हाताच्या नसांचं काम करणारे प्लास्टिक सर्जन, यांतलं कुणीही चालेल, सराव महत्त्वाचा. दुसरं मत घ्यायचं तर येत्या दोन-तीन आठवड्यांत घ्या. साखर, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. यांतलं काही बिघडलेलं असेल तर नसा सावकाश सुधारतात, आणि ते दुरुस्त करणं स्वस्त आहे. खर्चाचं कोडं असेल तर हॉस्पिटलात जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो, दाखल होण्याआधी त्याला भेटा, नंतर नाही.

पुढचं वर्ष कसं जाईल ते थोडक्यात. हॉस्पिटलात काही दिवस. दुसऱ्या दिवसापासून मान आणि बोटं हलवायची. दीड महिना भरलेली बादली, कुकर, कापडाचा गठ्ठा उजव्या हातानं उचलायचा नाही. महिना-दीड महिन्यानं हातशिलाई, मग मशिन वीस मिनिटं आणि उठायचं. फॉल-पिको आधी, ब्लाउज नंतर, कारण फॉलला कोपर टेबलावर राहतं. जमिनीवर बसून कटिंग कायमचं बंद करा. कंबरेच्या उंचीचं टेबल करून घ्या, जड कात्रीऐवजी हलकी घ्या आणि तिला धार लावत राहा, बोथट कात्री अंगठा खाते. तयार कपडे अडकवायचा दांडा डोक्यावर असेल तर खांद्याखाली आणा. हे बदल ऑपरेशनआधीच करा, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तीन-चार महिन्यांत काम बरंचसं पूर्ववत. सुईत दोरा ओवायचं काम कदाचित पूर्वीसारखं होणार नाही. दोरा ओवायचं छोटं यंत्र दहा-वीस रुपयांना मिळतं, ते आत्ताच आणून ठेवा आणि डाव्या हाताला सवय लावा. नस सरकवायचा व्यायाम मात्र दोन वर्षं, बरं वाटत असतानाही. मधेच एखाद्या थंडीत, एखाद्या मोठ्या ऑर्डरनंतर दुखेल. आठ दिवस काम कमी केल्यावर शांत झालं तर घाबरू नका. तीन आठवडे हटलं नाही, किंवा चिमट्याचा आकडा उतरला, तर सर्जनकडे परत जा.

पुण्याला जाताना एक्स-रेची फिल्म आणि एमआरआयची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. मनगटाचं निदान झालं तेव्हाचेही कागद न्या. आणि बरोबर घरातल्या त्या माणसाला न्या जो नसेच्या वाटेला जाऊ नको म्हणतोय. अंगठ्याखालचा खळगा डॉक्टर त्याला बोट लावून दाखवतील.